केसाएवढी रेघ

तोक्योच्या हाराजुकू स्थानकाबाहेरची कपड्यांची दुकाने आणि तरुणाईची झुंबड मागे टाकून गल्लीत वळले, की ओता स्मृती कलासंग्रहालय लागते. तेथील मंद प्रकाशात, जपानी चित्रकार कितागावा उतामारोने १७९० च्या दशकात काढलेल्या आणि लाकडी ठशांनी छापलेल्या एका स्त्रीचित्रापुढे मी बराच वेळ उभा होतो. समोरून राखाडी दिसणारी पार्श्वभूमी जरा वाकताच चमकू लागे, कारण तिच्यात अभ्रकाची पूड आहे. चेहऱ्यावर मात्र रंग जवळजवळ नाहीच. गाल, कपाळ आणि मान म्हणजे कोरा कागद. तुतीच्या कुळातील कोझो या झुडपाच्या सालीचा. रंग फुटू नये म्हणून त्यावर सरस आणि तुरटीचे पाणी फिरवीत. त्या काळी ओठांसाठी करडईच्या पाकळ्यांचा लाल रंग वापरीत, याची मला गंमत वाटली. आमच्या मराठवाड्यात करडई म्हटले की तेलच आठवते.

दुसऱ्या दिवशी एका छोट्या कार्यशाळेत ठसे कोरण्याचे आणि छापण्याचे हे काम प्रत्यक्ष पाहिले. पातळ कागदावरचे रेखाटन रानचेरीच्या फळीवर पालथे चिकटवतात आणि कोरताना ते नाहीसे होते. चित्रकाराचा मूळ कागद असा ठशाच्या कामी येतो. सर्वांत अवघड जागा कपाळावरच्या केसांची. तेथे रेघ कोरायची नसते, राखायची असते: दोन केसांमधले लाकूड काढून बारीक धार उभी ठेवायची आणि एका मिलिमीटरात अशा दोन-तीन धारा बसवायच्या. म्हणूनच डोके व चेहरा मुरलेला कारागीर कोरीत असे आणि किमोनोवरची नक्षी शिकाऊंकडे जाई.

छपाईला यंत्र नाही. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरतात आणि कागद नेमका बसावा म्हणून प्रत्येक ठशावर दोन खाचा ठेवतात. त्यांत कागद जरा चुकला तरी ओठांचा रंग हनुवटीकडे सरकतो. मांडी घालून बसलेल्या कारागिराने ब्रशने रंग आणि तांदळाची खळ ठशावर पसरली, ओलसर कागद टेकवला आणि बांबूच्या कोंबावरील आवरणात बांधलेल्या बारेन नावाच्या चपट्या, गोल गादीने, खांद्यापासून जोर लावीत, तो पाठीमागून घोटला.

‘उतामारोची चित्रे’ हा शब्दप्रयोग त्यानंतर मला खटकू लागला. कागदावर त्याची सही असते, त्सुताया जूझाबुरोसारख्या प्रकाशकाची खूण असते. कोरणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे नाव सहसा नसते. निघताना कारागिराने तो ताजा कागद उलटा करून दाखवला. त्यावर बारेनच्या गोल फेऱ्या अजून ओल्या होत्या.