पेटीकडे नको, पखवाजाकडे बघ

काकाच्या टू-इन-वनला, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या डब्याला, सहा मोठे सेल लागायचे आणि ते सहाच्या सहा कधीच एकदम नवे नसायचे. चार नवे, दोन टॉर्चमधले काढलेले. हे आधी सांगतोय कारण गेले दोन महिने काकाने भरलेल्या भजनाच्या कॅसेट लॅपटॉपवर उतरवताना माझं जे डोकं फिरलंय त्याचं मूळ त्या टॉर्चमध्ये आहे.

आमचं घर कुडाळजवळ. नव्वदच्या दशकात गणपतीत, जत्रेला, कुणाच्या सत्यनारायणाला, जिथे डबलबारी असेल तिथे काका टेप घेऊन हजर. ज्यांना डबलबारी माहीत नाही त्यांच्यासाठी, भजनाचा सामनाच तो, दोन बुवा, दोन मंडळं, आळीपाळीने गाणार, एकमेकांना प्रश्न घालणार, चिमटे काढणार, आणि खाली बसलेला गाव पहाटेपर्यंत हलत नाही. काका स्पीकरजवळ टेप ठेवून अख्खी बारी भरायचा. अशा ३४ कॅसेट माळ्यावरच्या ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात.

उघडल्या तर निम्म्यांवर बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं की फितीच्या कडेला पांढरी पावडर दिसते ना, ती. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात दुसरं काय होणार. अशी कॅसेट तशीच टेपात घालू नका प्लीज, बुरशी हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला. मी त्या वेगळ्या काढल्या, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून डब्यात बंद करून ठेवल्या, मग तोंडाला मास्क लावून बाहेर पडवीत बसून मऊ कोरड्या ब्रशने जेवढं निघेल तेवढं काढलं. फीत फिरवायला पेन्सिल, अजून तीच.

आधी ऑनलाइन एक स्वस्तातला यूएसबीवाला वॉकमनसारखा डबा मागवला होता. पैसे पाण्यात. आवाज असा हेलकावे खायचा की बुवा होडीत बसून गातायत असं वाटावं. मग काकाचाच टेप खाली काढला. आतला बेल्ट वितळून डांबर झालेला, बोटांना लागला तो दोन दिवस गेला नाही. बाजारातल्या रिपेअरवाल्याने जुन्या बेल्टच्या वाटेवरून दोरा फिरवून माप घेतलं आणि त्यापेक्षा जरा लहान बेल्ट बसवला, ताण राहायला हवा म्हणून. पिंच रोलर, म्हणजे फीत ओढणारं रबरी चाक, आणि हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. ज्या टेपवर भरल्या त्याच टेपवर वाजवण्याचा एक मोठा फायदा असा की हेडचा कोन तोच असतो, नाहीतर झांजेचा आवाज बोथट येतो आणि मग छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने हेडशेजारचा स्क्रू चिमूटभर फिरवत बसा.

जोडणी सोपी. हेडफोनच्या भोकातून वायर, पण लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नाही, तिथे आवाज फाटतो, यूएसबी साउंड कार्डच्या लाइन-इनमध्ये. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट आहे. लेव्हल अशी ठेवायची की सगळ्यात मोठा गजर आला तरी मायनस सहा डेसिबलच्या वर जाणार नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवायचा, नाहीतर घूंऽऽ येतो. आणि ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटंच लागतात, त्यात ७०व्या मिनिटाला लाइट जाते, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि टेप बंद, मग परत मागे घ्या.

आता ते सेल. सेल मरायला आले की मोटर हळू फिरते, म्हणजे फीत कमी वेगाने भरली जाते, आणि आज लाइटवर बरोबर वेगाने वाजवली की सगळं पळतं आणि सूर चढतो. एका कॅसेटची ए साइड सुरू होते काळी चारला आणि संपताना पांढरी सहा. पेटीवरची लगेच पुढची पट्टी, म्हणजे वेगात जवळपास सहा टक्क्यांचा फरक. शेवटी शेवटी बुवा पोरासारखे चिरके. मग मी वाडीतल्या मंडळाची पेटी आणून शेजारी ठेवली, दर पाच मिनिटांनी सूर जुळवला आणि ऑडॅसिटीच्या टाइम ट्रॅकने हळूहळू वेग उतरवत सगळी साइड सपाट काळी चार करून टाकली. तीन रात्री गेल्या. एकदम खूश.

पखवाज वाजवणारे तात्या आमच्याच वाडीतले, आता हात चालत नाहीत पण कान शाबूत. त्यांना ऐकवलं. गौळण आली आणि त्यांचं तोंड वाकडं. "ह्यां काय केलंस झिला? बुवांनी गौळणीक पट्टी बदललेली."

म्हणजे बुवांनी मुद्दाम चढवलेली पट्टी मी सेलच्या खात्यात टाकून खाली ओढली होती! आता सेल कुठला आणि बुवा कुठला हे कसं ओळखायचं, तर तात्या म्हणाले, "पेटयेकडे कित्याक बगतंस? पखवाजाकडे बग." पेटीवर बुवा एका क्षणात दुसऱ्या पट्टीवर जातात, पण पखवाज बारीच्या आधी लाकडी गठ्ठे ठोकून, डाव्या बाजूला कणीक लावून सुरात लावलेला असतो, मधेच कोण चढवत बसणार. पेटी चढली आणि पखवाजही तेवढाच चढला तर टेपचा दोष. पेटी चढली आणि पखवाज जागच्या जागी, तर बुवा. शिवाय सेल उतरणार तो हळूहळू, आणि बुवा उडीच मारणार. मी लहानपणापासून बाऱ्या ऐकतोय आणि हे डोक्यात आलं नाही, सॉफ्टवेअरमधल्या रेषा बघत बसलो.

परत सुरुवातीपासून केलं. नशीब मूळ वेवची फाइल जशीच्या तशी ठेवली होती, तेवढी तरी अक्कल होती. खरखर काढायचा फिल्टरही एकदा लावून बघितला, तर झांज पाण्यात बुडाल्यासारखी वाजायला लागली, तो काढून टाकला, खरखर राहू दे.

आतापर्यंत २३ झाल्या. उरलेल्या ११ बुरशीवाल्या आहेत आणि मिरग लागलाय, हवेत एवढी ओल आहे की भिंतीला हात लावला तरी ओला होतो. डबा बंद करून ठेवलाय, दिवाळीनंतर उघडणार. तात्यांना तेवीसच्या तेवीस पेन ड्राइव्हवर दिल्यात, रोज एक ऐकतात आणि रात्री फोन करून माझ्या चुका सांगतात.