आमची वाटचाल : लाल दिवा खरं बोलला पाहिजे

लाईव्ह व्हिडिओत एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जायचे, दिव्याच्या बटणांचे कीबोर्ड आम्ही बनवतो. बटण दाबलं म्हणून दिवा लागणं वेगळं आणि कॅमेरा खरोखर प्रोग्रामवर, म्हणजे प्रेक्षकांना दिसणाऱ्या चित्रावर, गेला म्हणून दिवा लागणं वेगळं. आमचा धंदा या फरकावर उभा राहिला आणि या फरकापायीच एकदा बुडता बुडता वाचला.

सुरुवात २०२० ची. लग्नाला ५० माणसांची अट आली आणि पुण्यातला जो तो व्हिडिओवाला लाईव्ह करायला लागला. लॅपटॉपवर व्हीमिक्स नाहीतर ओबीएस ही लाईव्हची सॉफ्टवेअरं, आणि कट मारायला, म्हणजे कॅमेरा बदलायला, माऊस. अंतरपाट खाली आला तरी हा बाबा स्क्रीनवर बाण शोधतोय! कॅमेरे बदलायचं मोठं यंत्र, स्विचर, परवडत नव्हतं. मी तेव्हा भोसरीत मशीनच्या कंट्रोल पॅनेलची कामं करत होतो. चिंचवडचे एक व्हिडिओवाले दादा (नाव छापू नकोस म्हणालेत) येऊन म्हणाले, "मला लाल-हिरव्या बटणांचा कीबोर्ड करून दे. पैसे आधी घे." असं म्हणणारं गिऱ्हाईक पुढे फारसं भेटलं नाही.

पहिला कीबोर्ड हातानेच वायरिंग केलेला. दीड मिलिमीटरच्या पत्र्यात लेझरने १४ बाय १४ ची भोकं, मध्यापासून मध्यापर्यंत १९.०५, प्रत्येक स्विचला एक ४१४८ डायोड, म्हणजे दोन बटणं एकदम दाबली तरी गोंधळ नको. डायोड आणि वायर बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून. वरची ओळ प्रोग्रामची, लाल. खालची प्रिव्ह्यूची, म्हणजे पुढे दाखवायच्या कॅमेऱ्याची, हिरवी. कॅमेऱ्याच्या बटणांना लाल लिनियर, म्हणजे आवाज न करता सरळ दबणारे स्विच, ४५ ग्रॅम दाबाचे. कटला मात्र काळा, ६० चा, म्हणजे नुसता हात लागून कट व्हायला नको. निळे क्लिकवाले स्विच मागणारे अजून भेटतात. त्यांना मी एकदा कीर्तनाचं लाईव्ह करून बघा म्हणतो. बुवांच्या आवाजाखाली टकटक ऐकू येते.

नंतर वायरिंगऐवजी सॉकेटवाला पीसीबी, म्हणजे छापील सर्किट बोर्ड, केला. सोल्डरिंग न करता स्विच बदलता येतो, हे सगळ्यांना आवडतं. पण स्विच बसवताना खालून सॉकेटला बोटाचा आधार द्या आणि पिन वाकडी असेल तर आधी सरळ करा. नाहीतर बोर्डावरचं तांब्याचं पॅड उचकटतं आणि बोर्ड माझ्याकडे येतो, 'वॉरंटीत आहे ना' म्हणत.

खरं काम दिव्यांचं. आमचा कीबोर्ड कॉम्प्युटरला मिडी म्हणून जोडला जातो, वाद्यं जोडतात त्या पद्धतीने. कुठला इनपुट बाहेर चाललाय ते व्हीमिक्स उलट कळवतं, त्यानंतरच लाल पेटतो. ओबीएससाठी वेबसॉकेट या दुतर्फा जोडणीवरून तेच करणारं छोटं सॉफ्टवेअर आम्ही लिहिलं. कट अडकला तर दिवा जुन्याच बटणावर राहतो आणि ऑपरेटरला लगेच कळतं.

हे सगळं एका व्यापाऱ्याला मीच समजावून सांगितलं होतं. त्याने ६० नग उचलले, निम्मे पैसे थकवले आणि पुढच्या लग्नसराईत स्वतःचा कीबोर्ड बाजारात आणला. तोच आकार, तीच मांडणी, किंमत कमी. आत काय? दाबलं की पेटतं, बस्स. एका लग्नात लॅपटॉप अडकला, कट झालाच नाही, बटण मात्र लालभडक. अमेरिकेतले नातेवाईक मंगलाष्टकं ऐकत मांडवाचा खांब बघत बसले. त्यात एलईडी पूर्ण पांढऱ्यावर. एकेक सुमारे ६० मिलिअँपियर खातो, तसे २४. यूएसबी २ चा पोर्ट देतो ५००. भर कार्यक्रमात पोर्ट बंद पडायचा. आम्ही फर्मवेअरमध्येच, म्हणजे कीबोर्डच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये, उजेडाला मर्यादा घातलीय, म्हणून 'तुमचा मंद दिसतो' असं ऐकून घ्यायचं! आणि त्यांचे बिघडलेले कीबोर्ड दुरुस्तीला कोणाकडे यायचे? आमच्याकडेच. दिसायला सारखे, म्हणून शिव्याही आम्हालाच.

त्याच सुमाराला, २०२१ मध्ये, चिपचा दुष्काळ पडला. कीबोर्ड चालवणारी चिप, ३२यू४ कंट्रोलर, मिळेना, मिळालाच तर भाव ऐकून घाम फुटायचा. आगाऊ घेतलेले पैसे पत्र्यात आणि बटणांच्या कॅप्समध्ये अडकलेले, वर व्यापाऱ्याची थकबाकी. गाळ्याचं भाडं तुंबलं. कामावरच्या दोन्ही पोरांना दुसरीकडे काम बघा असं सांगायची वेळ आली होती. तेव्हा दादांनी पुढच्या सीझनचे कीबोर्ड आत्ताच बुक केले आणि आपल्या ओळखीच्या चार जणांनाही घेऊन आले. जानेवारीत निघालेली आरपी२०४० चिप बाजारात मिळत होती. तिच्यावर गेलो. तिचा सिग्नल ३.३ व्होल्टचा, एलईडी ५ व्होल्टचे. मध्ये सिग्नल ५ व्होल्टवर नेणारा एचसीटी बफर टाकला. फर्मवेअर नव्याने लिहिण्यात अख्खा पावसाळा गेला.

धंद्यात नवीन असाल तर लघुउद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी आधी करा. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, असा २००६ चा कायदा आहे. तेव्हा सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार करता यायची. आम्ही केली, मुद्दल आली, व्याज सोडून द्यावं लागलं. आणि स्विच एकाच लॉटचे घ्या. दोन लॉट मिसळले की स्प्रिंगचा फरक बोटांना कळतो.

त्यानंतरच्या वर्षांचं सांगण्यासारखं काही नाही. ऑर्डरी येतात, माल जातो. दादांचा पहिला कीबोर्ड अजून चालतो. स्विच तीनदा बदललेत, पत्रा तोच.

मागच्या महिन्यात त्या व्यापाऱ्याच्या ऑफिसातून फोन आला. गिऱ्हाईकं 'खरा दिवावाला' मागतायत म्हणे, ४० नगांचा भाव द्या. दिलाय. जीएसटीसकट, पूर्ण पैसे आगाऊ.