मिठाची कणीक, साखरेची कणीक आणि एक एलईडी

शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी घरी प्ले डो करायचाच असेल, तर नुसते रंगीत गोळे कशाला, एलईडी लावणारा करावा. अमेरिकेत मिनेसोटामधल्या सेंट थॉमस विद्यापीठात अ‍ॅनमेरी थॉमस यांच्या प्रयोगशाळेतून ही कल्पना पुढे आली. मिठाच्या कणकेतून वीज जाते, साखरेच्या कणकेत अडते.

मी साखरेची कणीक आधी मळते. हाताला, परातीला मीठ लागलेलं असलं की तेच तिच्यात जातं आणि ती वीज अडवेनाशी होते. दीड कप मैद्यातला थोडा बाजूला काढायचा. उरलेल्यात अर्धा कप साखर, तीन टेबलस्पून तेल घालून डिस्टिल्ड वॉटर चमच्याचमच्यानं, जास्तीत जास्त अर्धा कप घालायचं. हात चिकटला की काढलेला मैदा. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी आणायचं. अर्थात मग ही कणीक खायची नाही, हे पोरांना आधीच बजवावं.

मिठाची कणीक गॅसवर होते. एक कप मैदा, एक कप पाणी, पाव कप मीठ, एक टेबलस्पून तेल, रंग आणि नऊ टेबलस्पून लिंबाचा रस (साधारण सहा लिंबं). आधी पाण्यात मीठ विरघळवायचं, नाहीतर कणीक खरखरीत राहते. मैदा गार पाण्यातच कालवायचा, गरम पाण्यात गुठळ्या होतात. मध्यम आंचेवर सतत ढवळत राहायचं. आधी पिठल्यासारखं होतं, मग कडा सुटून गोळा जमतो. तेव्हा उतरवायचं. कोमट झालं की आणखी अर्ध्या कपापर्यंत मैदा लावून मळायचं. चिकट राहिली तर ती बहुतेक वेळा कच्ची असते. मैदा थापत बसण्यापेक्षा पुन्हा गॅसवर ठेवावी.

जोडणीला चार पेन्सिल सेलचा होल्डर आणि १० मिमीचा एलईडी पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सहज मिळतो. मिठाचे दोन गोळे, मध्ये साखरेची भिंत. होल्डरची एक तार एका गोळ्यात, दुसरी दुसऱ्यात. एलईडीचा लांब पाय धन बाजूच्या गोळ्यात, आखूड ऋण बाजूच्या. एलईडी थेट सेलला लावायचा नाही, जळतो. इथे कणकेचा रोधच त्याला वाचवतो.

लागला नाही तर आधी पाय उलटे करून बघा. तरीही नाही, तर मिठाचे गोळे कुठेतरी एकमेकांना चिकटलेत आणि वीज एलईडी टाळून तिथूनच जातेय. आदल्या रात्री मांडून ठेवलं तर मीठ ओलाव्याबरोबर साखरेच्या भिंतीत शिरतं, प्रकाश मंदावतो. जोडणी प्रदर्शनाच्या सकाळीच करावी.

गुण मिळतात ते मोजण्याला. मिठाच्या कणकेची सारख्या जाडीची वळी करून लांबी ५, १०, १५ सेंमी ठेवायची आणि वळीच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावायचा नाही. तो एलईडीसकट मंडलात जोडून मिलिअँपिअर लिहायचे. ओहम, म्हणजे थेट रोध, मोजायला गेलात तर आकडा स्थिर राहत नाही, कारण मिठातले आयन (वीजभार असलेले कण) तारांच्या टोकांशी साचत जातात. तांब्याची तार त्याच कारणानं हिरवी पडते आणि धातूचे पाय गंजतात, तेव्हा काम झालं की पाय पुसून ठेवायचे. कणीक घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये. पावसाळ्यात मीठ हवेतली ओल ओढतं, मग दोन चमचे मैदा लावला की पुरे. घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर. एवढं मीठ त्याला बाधतं.