मोंपार्नासच्या चौकात १२ ऑगस्ट १९१६ ची सावली शोधताना

पॅरिसला ऑगस्टमध्ये जाऊ नये, असे तिथे राहणाऱ्या प्रत्येक परिचिताने मला बजावले होते, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्या महिन्यात शहरातले लोक सुट्टीवर निघून जातात, गल्लीतल्या बेकरीच्या दारावर परतण्याची तारीख लिहिलेला कागद चिकटवलेला असतो, आणि रिकाम्या झालेल्या रस्त्यांवर आपल्यासारखे पाहुणेच अधिक दिसतात. तरीही मी ऑगस्टचाच आग्रह धरला, कारण मला ज्या उन्हाची ओढ होती ते ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातच तिथे पडते. लूव्र, आयफेल मनोरा, सेन नदीतली फेरी हे सगळे झाले आणि चांगलेही झाले. त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून इथे फक्त मोंपार्नास या पॅरिसमधल्या जुन्या कलावंतवस्तीतल्या चौकाविषयी लिहितो, जिथे मी १९१६ च्या काही छायाचित्रांतल्या सावल्या शोधत होतो.

शनिवार, १२ ऑगस्ट १९१६. महायुद्ध ऐन भरात होते, फेब्रुवारीपासून व्हर्दँ आणि जुलैपासून सोम इथल्या लढाया अखंड चालू होत्या. त्या दुपारी सत्तावीस वर्षांचा कवी झाँ कोक्तो आईचा कोडॅक कॅमेरा घेऊन बुलव्हार द्यू मोंपार्नास या रुंद रस्त्यावर आला आणि आपल्या मित्रमंडळींची छायाचित्रे काढत राहिला. ही मंडळी कोण होती? पाब्लो पिकासो, मोदिल्यानी, किसलिंग आणि ओर्तिझ द झाराते हे चित्रकार. माक्स जाकोब आणि आंद्रे साल्मों हे कवी. पाकेरेत ही पोल पुआरे या वेशभूषाकाराकडे काम करणारी तरुणी. आणि युद्धकाळात गरजू कलावंतांसाठी आपल्या स्टुडिओतच स्वस्त खानावळ चालवणारी मारी वासिलिएफ. पिकासो स्पेनचा असल्याने त्याला सैन्यात बोलावणे आले नव्हते, मोदिल्यानीला प्रकृतीमुळे घेतले गेले नव्हते, आणि किसलिंग फ्रेंच परदेशी पलटणीतून जखमी होऊन परतला होता. पिकासोचे १९०७ सालचे ‘अव्हिन्योंच्या तरुणी’ हे चित्र लोकांसमोर पहिल्यांदा मांडले गेले ते याच्या आदल्याच महिन्यात, साल्मोंने पुआरेच्या दालनात भरवलेल्या प्रदर्शनात. कोक्तो मात्र नदीपलीकडच्या सधन वस्तीतला. ‘पाराद’ या नृत्यनाट्यासाठी पिकासोने पडदे आणि वेश करावेत म्हणून तो त्याच्या मागे लागला होता, आणि अखेर १९१७ च्या मे महिन्यात ते रंगमंचावर आले. म्हणजे त्या दुपारी कॅमेऱ्यामागचा माणूस या गोतावळ्यात नवखा होता आणि त्याला तिथे मनापासून जागा हवी होती. छायाचित्रांतली जवळीक पाहताना ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

ही छायाचित्रे पुढे वेगवेगळ्या संग्रहांत विखुरली गेली. ती सगळी एकाच दिवशीची आहेत हे ओळखले बिली क्लुव्हर या अभियंत्याने. क्लुव्हर अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या दूरध्वनी-संशोधनसंस्थेत काम करत असे. कलावंत आणि अभियंते यांना एकत्र आणणारी संस्था त्याने १९६६ साली चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग आणि इतरांबरोबर उभी केली. पत्नी जूली मार्टिनसह मोंपार्नासच्या कलावंतवस्तीचा इतिहास धुंडाळताना, निरनिराळ्या ठिकाणी मिळालेल्या चित्रांमध्ये त्याच माणसांच्या अंगावर तेच कपडे आहेत हे त्याच्या लक्षात आले. मग त्याने पार्श्वभूमीकडे पाहायला सुरुवात केली. भिंतींवर, खिडक्यांच्या चौकटींवर आणि कंगोऱ्यांवर सावल्या पडल्या होत्या. त्याने त्या इमारतींची मापे घेतली, पॅरिसच्या ‘ब्यूरो दे लोंजित्यूद’ या खगोलगणिताच्या जुन्या संस्थेकडून सूर्याच्या स्थितीचे आकडे मिळवले, आणि माणसांच्या हालचालींविषयी जे लिखित पुरावे होते त्यांच्याशी ते ताडून तारीख तर ठरवलीच, पण कोणते चित्र आधीचे आणि कोणते नंतरचे हा क्रमही लावला. सूर्य वर्षातून दोनदा त्याच उंचीवर येतो, ऑगस्टच्या मध्याला असतो तसाच एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी, त्यामुळे नुसत्या सावलीने भागत नाही. ‘अ डे विथ पिकासो’ या त्याच्या पुस्तकात अशी चोवीस छायाचित्रे आहेत, आणि त्या पुस्तकातल्या पानांच्या प्रती बरोबर घेऊनच मी निघालो होतो.

सावली जुळवायची तर घड्याळाचा हिशेब आधी करावा लागतो. फ्रान्सने उन्हाळी वेळ पहिल्यांदा लागू केली ती १९१६ च्या जून महिन्यात, म्हणजे कोक्तोच्या त्या दुपारी पॅरिसची घड्याळे ग्रिनिचच्या एक तास पुढे होती. आज ऑगस्टमध्ये ती दोन तास पुढे असतात. म्हणून १९१६ मध्ये सूर्य दिवसातल्या सर्वांत उंच जागी आला तेव्हा घड्याळात एकला पाचेक मिनिटे कमी होती, तर आज तोच क्षण दोनला पाच मिनिटे असताना येतो. आपल्याकडे मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस, शून्य सावलीच्या दिवशी, मुंबई-पुण्यात भर दुपारी उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. पॅरिसमध्ये असे कधीच घडत नाही. १२ ऑगस्टला माध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५६ अंशांवरच असतो, आणि त्या आठवड्यात तो दररोज पाव अंशाहून किंचित अधिक खाली उतरत जातो. सावलीवरून दिवस ओळखता येतो तो या उतरण्यामुळेच, आणि माझा ऑगस्टचा आग्रह होता तोही यासाठीच.

व्हावँ हे मेट्रो स्थानक १९१० पासून इथे आहे. जिन्यावरून वर आलो की बुलव्हार द्यू मोंपार्नास आणि बुलव्हार रास्पाय यांचा चौक समोर येतो, ज्याला आता पिकासोचेच नाव दिले आहे. एका अंगाला १९३९ साली बसवलेला, शिल्पकार रोदँने घडवलेला कादंबरीकार बाल्झाकचा पुतळा झग्यात उभा आहे. चौकाभोवती जुनी कॅफे आहेत: रस्त्याच्या दक्षिणेकडच्या बाजूला दोम आणि पुढे कुपोल, उत्तरेकडे रोतोंद आणि सेलेक्त. कुपोल १९२७ चे आणि सेलेक्तही १९२० च्या दशकातले, त्यामुळे त्या शनिवारच्या हिशेबात ती दोन्ही वगळावी लागतात. रोतोंदचे तोंड नैर्ऋत्येला असल्याने दुपारभर त्याच्या दर्शनी भागावर ऊन असते. व्हिक्तोर लिबियों या मालकाने एका कॉफीवर तासन्‌तास बसणाऱ्या चित्रकारांना उठवले नाही, हे त्याचे मोठेपण सगळे सांगतात. मला मात्र असे वाटते की ज्यांच्या स्टुडिओत कोळशाला पैसे नव्हते त्यांना त्या उन्हाचाही आधार वाटला असणार.

ढगांनी पहिल्या दिवशी काहीच जुळू दिले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन स्वच्छ होते. मोदिल्यानी, पिकासो आणि साल्मों हे तिघे रोतोंदसमोर उभे आहेत ते चित्र मी हातात धरले होते. पिकासोच्या डोक्यावर टोपी आहे, आणि त्या तिघांपैकी कोणीही आपण इतिहासात जाणार आहोत अशा आविर्भावात नाही. रोतोंदचा तळमजला ओळखू येत नाही, कारण युद्धानंतर ते वाढवले गेले आणि आता लाल छतांनी भिंत झाकलेली आहे. म्हणून मी वरच्या मजल्यांकडे आणि शेजारच्या इमारतींकडे पाहत होतो. बराच वेळ काहीच जुळेना. रस्त्याकडेच्या बाकावर बसलेली एक वृद्ध बाई हे सगळे पाहत होती. तिने हात पुढे करून माझ्याकडची प्रत मागितली, चष्मा कपाळावर चढवून ती डोळ्यांजवळ धरली, आणि मग एक शब्दही न बोलता काठीने मला चार पावले डावीकडे सरकायला सांगितले. तिथून पाहिले तर खिडकीखालच्या दगडी पट्टीची तिरपी सावली मला दिसली. माझ्या हातातल्या चित्रातही तशीच एक तिरपी रेघ होती. ती तीच पट्टी होती असा दावा मी करणार नाही, तेवढे मोजमाप माझ्याकडे नव्हते. पण कोन तोच होता, कारण सूर्य त्याच जागी होता.

त्या क्षणी मला जे वाटले त्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. जुन्या छायाचित्रांतली माणसे आपल्याला नेहमी एका वेगळ्या, करड्या काळातली वाटतात. इथे पहिल्यांदा मला त्या दुपारची ऊब कळली; जाकोबच्या टकलावर पडलेले ऊन आणि माझ्या मानेवर पडलेले ऊन एकाच उंचीवरून आले होते. आणि त्याबरोबर पुढचे सगळे आठवले. मोदिल्यानीला त्या शनिवारनंतर साडेतीन वर्षेही मिळाली नाहीत. २४ जानेवारी १९२० ला तो गेला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. ज्यू कुटुंबात जन्मलेला माक्स जाकोब आदल्याच वर्षी, १९१५ मध्ये, पिकासोला धर्मपिता करून कॅथलिक झाला होता, तरी नाझी राजवटीत तो वाचला नाही. ५ मार्च १९४४ ला पॅरिसजवळच्या द्रांसी इथल्या नाझींच्या छावणीत त्याचा अंत झाला. त्याच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांमध्ये कोक्तो होता. चित्रातला जाकोब मात्र मित्रांच्या घोळक्यात खुशीत आहे. मी त्या बाईला ही पाने दाखवत होतो तेव्हा जाकोबच्या चेहऱ्यावर तिने बोट ठेवले आणि ‘द्रांसी’ एवढेच म्हणाली. तिला ते ठाऊक होते.

मी स्वतः अनेक वर्षे कविसंमेलने, नाटकांच्या तालमी, चित्रकारांची प्रदर्शने आणि त्यानंतर रंगणाऱ्या गप्पांच्या मैफली टिपत आलो आहे, म्हणून या चोवीस चित्रांविषयी माझे एक ठाम मत आहे. आमच्या व्यवसायात सध्या लेन्सचे छिद्र शक्य तितके मोठे ठेवून चेहरा तेवढा धारदार आणि मागचे सगळे विरघळलेले अशी चित्रे काढण्याची रीत पडली आहे. ती देखणी असतात, पण लेखक कुठे बसला होता, भिंतीवर काय होते, बाहेर दुपार होती की संध्याकाळ, यातले काहीही त्यात उरत नाही. कोक्तोने साध्या कॅमेऱ्याने भर उन्हात, थोडे अंतर राखून चित्रे काढली, त्यामुळे भिंती, खिडक्या आणि फरसबंदी चेहऱ्यांबरोबर टिकून राहिली आणि क्लुव्हरला साक्ष देऊ शकली. लेखक-कलावंतांची नोंद ठेवायची तर त्यांच्याबरोबर त्यांचा रस्ताही ठेवायला हवा, असे मला कळकळीने वाटते.

चौकातून बुलव्हार रास्पायने दक्षिणेकडे चालत गेले की काही मिनिटांत काम्पान्य-प्रमिएर ही गल्ली लागते, आणि छायाचित्रण करणाऱ्या कोणालाही तिथे थबकावेसे वाटेल. १७ बिस क्रमांकाच्या घरात यूजेन अत्जे राहत असे. दशकानुदशके जड कॅमेरा पाठीवर वाहून त्याने जुन्या पॅरिसचे रस्ते, दारे आणि दुकाने काचेवर उतरवली. त्याच गल्लीत ३१ बिस क्रमांकाच्या चिनी मातीच्या फरश्यांनी मढवलेल्या सुंदर इमारतीत १९२२ पासून छायाचित्रकार मॅन रेचा स्टुडिओ होता. मोंपार्नासमधले लेखक आणि चित्रकार त्याच्यासमोर येऊन बसत, आणि अत्जेची छायाचित्रे विकत घेऊन ती नव्या पिढीच्या नजरेस आणणाराही तोच. एक जण माणसांशिवायचा रस्ता टिपत होता, दुसरा रस्त्याशिवायची माणसे. दोघेही माझ्या लाडक्यांपैकी आहेत, तरी त्या दुपारी माझे मन कोक्तोच्या बाजूने झुकले. चौकाजवळच्या ग्राँद शोमिएर गल्लीतल्या कलाशाळेचे दार ओलांडताना अमृता शेर-गिल आठवली. १९२९ साली पॅरिसला आल्यावर तिने शिक्षणाची सुरुवात इथेच केली. मोदिल्यानीचा अखेरचा स्टुडिओही याच गल्लीतला.

आता तक्रार. त्या परिसरातल्या एका कॅफेत मी कॉफी मागवून पाने पसरली, तेव्हा वीस मिनिटांतच वाढप्याने येऊन सांगितले की जेवणाची वेळ आहे आणि हे टेबल जेवणाऱ्यांसाठी आहे. भिंतींवर मात्र तेच कलावंत चौकटींत टांगलेले होते, ज्यांना एका कॉफीवर दिवस काढता यावा एवढीच अपेक्षा होती. व्यवसायाची गणिते मला समजतात, जागेचे भाडे कोणालाच चुकलेले नाही. तरीही ज्या औदार्यामुळे ही वस्ती नावारूपाला आली ते औदार्य सोडून केवळ तिची चित्रे लावावीत याचे मला खरोखर वाईट वाटले. मी उठलो आणि पुन्हा त्या सार्वजनिक बाकाकडे गेलो. बाई अजून बसल्या होत्या. त्यांनी पिशवी उचलून माझ्यासाठी जागा केली, आणि उरलेली पाने आम्ही दोघांनी मिळून पाहिली.

कोणाला जायचे असेल तर ऑगस्टचा दुसरा आठवडाच निवडा, बेकऱ्या बंद असल्या तरी. पुस्तकातल्या वेळांमध्ये एक तास मिळवा. रोतोंदच्या तळमजल्याकडे पाहू नका, नजर वर ठेवा. आणि चौकातून वायव्येकडे नोत्र-दाम-दे-शाँ या चर्चपर्यंत चालत जा, कारण मित्रमंडळी त्या दुपारी याच रस्त्यावर रेंगाळली होती. झाडांची पालवी मधे येते, म्हणून दोन्ही बाजूंच्या पदपथांवरून पाहावे लागते. आभाळ भरून आले तर सावल्या जुळवण्याचा आग्रह त्या दिवसापुरता सोडा, पाने पिशवीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास पुन्हा त्या बाकापाशी या.