बंड्याचे डोळे आणि घरातल्या पिसवा

संक्रांतीच्या सुमाराला बंड्याच्या उजव्या डोळ्यात सकाळी सकाळी चिपडं दिसायला लागली. साताऱ्यात त्या दिवसांत पहाटे बोटं आखडतात, त्यामुळे गारठ्यानं झालं असेल असं वाटलं. बंड्या आमचा कुत्रा, कॉकर स्पॅनियल जातीचा, तेव्हा साडेसहा वर्षांचा, वजन साडेबारा किलो. आई कोमट पाण्यात कापूस बुडवून त्याचे डोळे पुसायची आणि तो मान वर करून शांत उभा राहायचा. आठवड्याभरानं ती चिपडं हिरवट, चिकट, दोरीसारखी लांब निघायला लागली, तेव्हा मी त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं. डोळे आलेत म्हणून अँटिबायोटिकचे थेंब मिळाले. पाच दिवसांत डोळा स्वच्छ झाला. थेंब बंद केले आणि दहाव्या-बाराव्या दिवशी पुन्हा तेच.

हे असं सप्टेंबरपर्यंत चाललं. तीन वेगवेगळे थेंब झाले, एक मलम झालं. प्रत्येक वेळी बरं वाटायचं, म्हणून प्रत्येक वेळी आम्ही त्या औषधावर विश्वास ठेवला. मार्चनंतर डावा डोळाही तसाच व्हायला लागला.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि पिसवा आल्या. आमचं घर जुनं आहे, खाली शहाबादी फरशी, फरश्यांच्या मधल्या फटी बोट जाईल एवढ्या. बंड्या शेपटीच्या मुळाशी सारखा चावायला लागला, तिथले केस गळून कातडी लाल झाली. आधी मला गोचीड वाटले, पण गोचीड चिकटून बसतो आणि हाताला लागतो. इथे केस बाजूला केले की तपकिरी काहीतरी तिरकं पळून जायचं आणि खाली मिरपुडीसारखे काळे कण राहायचे. ते कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवले की भोवती तांबूस डाग पसरतो. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ही परीक्षा घरच्या घरी कुणालाही करता येते. साधी धूळ असेल तर रंग सुटत नाही.

इथे आमची मोठी चूक झाली. ज्याला त्याला आम्ही विचारत होतो आणि जो तो म्हणत होता की पिसवांमुळेच डोळे येतात, पिसवा घालवा, डोळे आपोआप बरे होतील. ऐकायला ते पटण्यासारखं होतं. खाजेमुळे तो तोंड सतरंजीवर घासायचाही. म्हणून मी दोन्ही त्रासांची एकच गाठ बांधली आणि पिसवांच्या शाम्पूनं त्याला आठवड्याला अंघोळ घालायला लागले. शाम्पूचा फेस डोळ्यांत जायचा, डोळे आणखी लाल व्हायचे. कुणी कडुलिंबाचा पाला उकळून त्याचं पाणी लावायला सांगितलं, ते केलं. एका शेजाऱ्यानं रॉकेल चोळायला सांगितलं, ते मात्र आईनं करू दिलं नाही. रॉकेलनं कातडी भाजते आणि कुत्रा अंग चाटतो तेव्हा ते पोटात जातं.

ऑगस्टमध्ये जे केलं ते सांगायला मला अजून जड जातं. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब घरात उरले होते. एका रात्री बंड्याचा डोळा लालभडक झाला होता, दवाखाना बंद होता, आणि मी तेच थेंब घातले. दोन दिवसांत लाली गेली. मला वाटलं, औषध सापडलं. त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर जखम असेल आणि त्यावर स्टेरॉइड पडलं, तर जखम भरत नाही, उलट खोल जाते आणि डोळाच फुटू शकतो. हे मला पुढे कळलं. त्याला जखम नव्हती म्हणून निभावलं.

वळण आलं ते कॅलेंडरमुळे. आमच्याकडे कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहितात. त्याच चौकोनांत मी थेंब सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख लिहीत होते, आणि डोळ्यात घाण आली की एक फुली मारत होते. गणपतीच्या आदल्या रात्री पानं मागे उलटून पाहिली. पिसवा जूनमध्ये आल्या आणि फुल्या जानेवारीपासून होत्या. थेंब बंद केल्यापासून फुली यायला लागणारे दिवसही जवळजवळ ठरलेले होते, पिसवा असोत वा नसोत. म्हणजे आजार परत येत नव्हताच, तो कधी गेलाच नव्हता.

विसर्जन झाल्यावर मी बंड्याला शिरवळला नेलं, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात. साताऱ्याहून साठेक किलोमीटर, खंबाटकीचा बोगदा ओलांडला की थोड्या वेळात येतं. तिथे आजूबाजूच्या गावांतून गाई-म्हशी, शेळ्या घेऊन माणसं आलेली असतात, त्यांच्या मधे आम्ही बसलो. तपासायला आलेल्या डॉक्टर तरुण होत्या. कॅलेंडरची पानं मी संकोचतच पुढे केली. त्यांनी ती नीट वाचली, वेळ घेऊन, आणि म्हणाल्या, "ताई, याच्या डोळ्यातलं पाणी कुणी मोजलंय का?"

नऊ महिन्यांत कुणी मोजलं नव्हतं. आणि असं काही मोजतात हेच मला माहीत नव्हतं.

त्यांनी गाळणकागदाची बारीक पट्टी काढली. तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा होत्या. पट्टीचं टोक दुमडून खालच्या पापणीच्या आत अडकवलं आणि एक मिनिट धरून ठेवलं. याला शिर्मर टेस्ट म्हणतात. पट्टीवर ओल जितकी चढेल तितके अश्रू. निरोगी कुत्र्यात मिनिटाला 15 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त चढते. बंड्याच्या उजव्या डोळ्याची 4 वर थांबली, डाव्याची 7 वर. नंतर त्यांनी केशरी पट्टीनं डोळ्यात रंग घातला आणि निळ्या उजेडात पाहिलं. जखम असेल तिथे हिरवं चमकतं. तसं कुठे चमकलं नाही. तेव्हाच मी त्यांना स्टेरॉइडच्या थेंबांचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण क्षणभर गप्प राहिल्या.

"याचे डोळे कोरडे आहेत," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो, पण डोळ्यातून तर सारखं वाहतंय." तेव्हा त्यांनी समजावलं. अश्रूंत तीन गोष्टी असतात: तेल, पाणी आणि बुळबुळीत श्लेष्मा. पाणी तयार करणाऱ्या ग्रंथींवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते. पाणी कमी होतं, श्लेष्मा तेवढाच राहतो, म्हणून तो घट्ट, चिकट होऊन दोरीसारखा निघतो. धुवायला पाणीच नसल्यामुळे जंतू साठतात. अँटिबायोटिकनं जंतू मरतात, आठवडाभर बरं दिसतं आणि कोरडेपणा तसाच राहतो. कॉकर स्पॅनियल, शिहत्झू, ल्हासा अप्सो, पग या जातींत हा आजार जास्त दिसतो. पिसवांच्या खाजेमुळे तो तोंड घासत होता, त्यानं डोळ्यांना त्रास वाढला असणार, पण पिसवांनी हा आजार दिलेला नव्हता.

उजव्या डोळ्यावर एका बाजूनं तपकिरी रंग चढायला लागला होता. मी तो पाहिला होता आणि वयानं आला असेल असं समजून सोडून दिला होता. कोरडेपणा बराच काळ राहिला की पारदर्शक पडद्यावर असा रंग चढतो आणि त्यामागचं दिसणं कमी होतं.

उपचार ऐकायला साधा आहे, करायला चिकाटी लागते. दिवसातून दोनदा टॅक्रोलिमसचं 0.03 टक्क्यांचं मलम दोन्ही डोळ्यांत. ते ग्रंथींवरचा हल्ला शमवतं आणि पाणी पुन्हा सुटायला लागतं, पण त्याला काही आठवडे जातात. तोपर्यंत दिवसातून चार-पाचदा कृत्रिम अश्रूंचं जेल, आणि पहिले दहा दिवस अँटिबायोटिकचे थेंब. प्रत्येक वेळी आधी उकळून गार केलेल्या पाण्यानं डोळे पुसायचे, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. दोन औषधांत दहा मिनिटांचं अंतर, थेंब आधी, मलम सगळ्यात शेवटी. मलम लावल्यावर हात धुवायचे. आणि हे औषध जन्मभर. थांबवलं की पट्टी पुन्हा 4 वर येणार.

पिसवांचं त्यांनी वेगळं सांगितलं, आणि तेही मला नवीन होतं. अंगावर दिसतात त्या प्रौढ पिसवा म्हणजे सगळ्या पिसवांच्या शंभरातल्या पाचेक. उरलेल्या घरात असतात, अंडी, अळ्या आणि कोष होऊन. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते, ती अंगावरून गळून पडतात. अळ्यांना उजेड नको असतो, ओलसर फटी हव्या असतात. आमच्या शहाबादी फरशीच्या फटी, आणि त्यावर बंड्याची गोधडी. मी पिसवा कुत्र्याच्या अंगावर शोधत होते आणि त्यांचं बिऱ्हाड माझ्या पायाखाली होतं.

बंड्याला महिन्यातून एकदा द्यायची चघळण्याची गोळी मिळाली. आधी त्यांनी विचारलं, याला कधी आकडी आली आहे का? आकडी येणाऱ्या कुत्र्यांना या प्रकारची गोळी जपून देतात. गोधडीवर मला तांदळाच्या दाण्यांसारखं काही दिसायचं, तेही मी सांगितलं. ते पट्टकृमीचे तुकडे होते. अंग चावताना पिसू गिळली जाते, तिच्या पोटातून हा जंत कुत्र्याच्या पोटात जातो. त्याची वेगळी गोळी दिली.

मग घर. गोधड्या उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकल्या. बहिणीकडून व्हॅक्यूम क्लीनर आणला आणि तीन आठवडे एक दिवसाआड फटी आणि कॉटखालचे कोपरे ओढून काढले, पिशवी प्रत्येक वेळी बाहेर नेऊन बांधून टाकली. शेवटी गवंडी बोलावून फटी पांढऱ्या सिमेंटनं भरून घेतल्या. तरी पिसवा दिसत राहिल्या, आणि इथे बहुतेक जण हार मानतात असं मला वाटतं. कोषातल्या पिसवेवर फवारणीचा परिणाम होत नाही, ती तशीच आठवडेच्या आठवडे थांबून राहते आणि पायांची हालचाल, अंगाची ऊब जाणवली की बाहेर येते. चार दिवस लग्नाला जाऊन आलो, दार उघडलं आणि घोट्यांवर एकदम पाच-सहा चढल्या. मी घाबरले नाही. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं.

राहिली मनी, शेजारच्या आजींची मांजर. ती आमच्या माळ्यावर झोपते. तिच्या अंगावर पिसवा होत्याच. कुत्र्यांसाठीची एक पावडर माझ्याकडे होती, त्यात पर्मेथ्रिन होतं, आणि पर्मेथ्रिन मांजरांना विष आहे. ती मी घरातून काढून टाकली. मग आजींकडे गेले.

"अगं, मांजरीला कसलं औषध? ती स्वतःच चाटून स्वच्छ असते," आजी म्हणाल्या.

"आजी, तिच्यावरच्या पिसवा बंड्यावर येतात आणि बंड्याच्या तिच्यावर. दोघांचं एकदम केलं नाही तर दोघांचंही जात नाही."

आजी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मनीला टोपलीत घालून त्याच माझ्याकडे आल्या, वर टॉवेल बांधलेला. मांजरांसाठीचं मानेवर घालायचं औषध आम्ही दोघींनी मिळून घातलं. तिची पुढची तारीखही कॅलेंडरवर लिहिली, बंड्याच्या शेजारी.

नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पांढरे मोजे घालून घरभर फिरले तरी मोज्यांवर एकही पिसू नव्हती. शेपटीच्या मुळाशी मऊ केस आले. डोळ्यांना अधिक वेळ लागला. पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता आणि मी रोज रात्री शंका घेत होते. चौथ्या आठवड्यात एका सकाळी चिपडं पुसायला कापूस घेतला आणि पुसायला काही नव्हतं. आईला हाक मारून दाखवलं.

सहा आठवड्यांनी शिरवळला पुन्हा पट्टी लावली. उजवा 9, डावा 14. डाव्याचं चांगलं झालं, उजव्याचं अजून पूर्ण नाही. तपकिरी डाग जायचा नाही, पण वाढलेला नाही. बंड्याला उजवीकडून चेंडू टाकला तर अजून उशिरा कळतो, म्हणून आम्ही डावीकडून टाकतो. मलमाची वेळ सकाळी सात आणि रात्री आठ. आता रात्री आठला तो आपणहून येऊन माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकवतो.