तुम्ही विचारलंत म्हणून: फ्युएल सेलच्या नव्या कंपनीत पैसे घालू का?

पंगतीत विचारतात, सोसायटीच्या मीटिंगनंतर विचारतात. एकदा दातांच्या डॉक्टरांनी माझा जबडा उघडा असतानाच विचारलं, "तुम्ही त्या फ्युएल सेलमध्ये होतात ना? मग अशा नव्या कंपनीत पैसे घालावेत का?" मला बोलता येत नव्हतं. आजवर या प्रश्नाला मी दिलेलं तेच सगळ्यात बरं उत्तर असावं.

गेल्या महिन्यात मामेबहिणीचा मुलगा आला. हातात टॅब, टॅबवर चकचकीत डेक, म्हणजे पैसे मागायला कंपनीने बनवलेली चित्रांची पानं. "मामा, मित्राच्या ओळखीने मिळतंय. दहा लाखांना एक टक्का. राउंड पंधरा दिवसांत बंद होतोय." राउंड, म्हणजे पैसे गोळा करायचा फेरा, नेहमी पंधरा दिवसांतच बंद होत असतो. त्याला चहा दिला आणि म्हटलं, दोन दिवस दे, नीट लिहूनच देतो. ते हे.

माझी लायकी आधी सांगतो. बावीस वर्षं मी चाचणीच्या बाजूला होतो. लोकांनी बनवलेले स्टॅक, म्हणजे फ्युएल सेलच्या चळती, चालवायचे, तापवायचे, कोरडे पाडायचे आणि ते कधी मरतात ते वहीत लिहायचं. नोकरी सोडल्यावर बाजारात नोंद नसलेल्या दोन कंपन्यांत स्वतःचे पैसे घातले. एक शून्य झाली. दुसरीने नऊ वर्षांत दुप्पट दिले, म्हणजे एफडीपेक्षा किंचित बरं.

फ्युएल सेलमध्ये एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा आणि मध्ये केसाहून पातळ पडदा, म्हणजे मेंब्रेन, तिच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा लेप. वीज मिळते, उष्णता मिळते, पाणी गळतं. एका सेलवर भार टाकला की जेमतेम ०.६५ व्होल्ट मिळतो, म्हणून त्यांची चळत रचायची. टोयोटाच्या पहिल्या मिराई गाडीत अशा ३७० सेलची चळत होती. यात नवं काही नाही. विल्यम ग्रोव्हने १८३९ मध्ये हे करून दाखवलं होतं आणि अपोलो यानांतली वीज याच तत्त्वावरच्या यंत्रातून येत होती. त्यामुळे "हे तंत्रज्ञान चालेल का हो?" असं मला विचारू नका. चालतं. चंद्रापर्यंत चाललंय. ते चालत असतानाही पैसे घालणारा कसा बुडतो, ते विचारा.

त्यासाठी एक गुणाकार करा. अमेरिकेतली फ्युएलसेल एनर्जी ही जुनी, खरीखुरी कंपनी आहे, तिचे प्लांट वीज तयार करतात. तिने २०१५ मध्ये बारा शेअरचा एक केला, २०१९ मध्ये पुन्हा बाराचा एक, २०२४ मध्ये तीसचा एक. १२ गुणिले १२ गुणिले ३०, म्हणजे ४,३२०. २०१५ च्या आधी ज्याच्याकडे ४,३२० शेअर होते त्याच्याकडे आज एक आहे. एकत्रीकरणाने स्वतःहून कुणाचे पैसे जात नाहीत, हे मला कळतं. पण भाव इतका रसातळाला गेल्याशिवाय कुणी हे तीन-तीनदा करत नाही, आणि भाव तिथे जातो कारण कंपनी जगण्यासाठी नवे शेअर छापत राहते. अमेरिकेतल्याच प्लग पॉवरचे शेअर २०१३ च्या अखेरीस सुमारे दहा कोटी होते, आता शंभर कोटींच्या वर आहेत. कॅनडाच्या बॅलार्डचा शेअर २००० मध्ये शंभर डॉलरच्या वर होता, २०१२ मध्ये एका डॉलरच्या खाली. आणि त्याच बॅलार्डच्या लंडनच्या बसमधल्या काही स्टॅकनी २५,००० तासांच्या वर मजल मारली! यंत्र टिकलं, कंपनीही टिकली. भागधारकाचा मात्र भुगा झाला.

या नोंदणी झालेल्या कंपन्या, यांना रोज बाजारातून पैसा उभा करता येतो. छोट्या कंपनीत हेच दाराआड होतं. भाच्याचं गणित घ्या. दहा लाखांना एक टक्का, म्हणजे कंपनीची किंमत दहा कोटी धरली. फ्युएल सेलची कंपनी प्रयोगशाळेतून पहिल्या खऱ्या ऑर्डरपर्यंत जायला चार राउंड सहज खाते. दर राउंडला वीस टक्के नवे लोक घेऊन गेले, तर एक टक्क्याचे ०.४१ उरतात. तुमचे दहा लाख नुसते परत यायला कंपनी चोवीस कोटींना विकली गेली पाहिजे. तीही नंतर आलेल्या फंडांनी 'आधी आमचे पैसे' असं कलम घातलेलं नसेल तर. घातलेलं असतंच.

डेकमध्ये हे पान नसतं. तिथे १९,७४४ कोटींचं पान असतं. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या हरित हायड्रोजन मिशनचा हा आकडा मी आजवर पाहिलेल्या प्रत्येक डेकवर होता, बहुतेक वेळा हिरव्या पानाच्या चित्रासकट. तो फोडून बघा. त्यातले १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझर (पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र) बनवणाऱ्यांना आणि हायड्रोजन तयार करणाऱ्यांना प्रोत्साहन म्हणून आहेत. पथदर्शी प्रकल्पांना १,४६६ कोटी आणि संशोधनाला ४००. फ्युएल सेल बनवणाऱ्याचा हात पोचलाच तर या शेवटच्या दोन डब्यांपर्यंत, आणि तिथेही रांग आहे.

आता माझी स्वतःची फजिती.

२०१६ मधली गोष्ट. एमआयडीसीतला एक गाळा, बाहेर कडुनिंब, आत एसीची घरघर. टेस्ट बेंचवर पाच किलोवॉटचा स्टॅक, टोकाच्या प्लेटांचे नट एकसारखे आवळलेले, नळ्या नीट बांधलेल्या. गॅस ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटलीत बुडबुडे येत होते आणि एक्झॉस्टच्या नळीतून पाणी प्लास्टिकच्या बादलीत टपटपत होतं. फाउंडरने त्याच नळीखाली ग्लास धरला आणि घटाघटा पिऊन दाखवलं. हे सगळेच करतात. त्या पाण्याला चव नसते, पण मेंब्रेन आतून झिजत असेल तर तिच्यातलं फ्लोराइड त्याच पाण्यात उतरतं, आणि चाचणीवाला म्हणून माझं पहिलं काम ते पाणी बाटलीत भरून घ्यायचं होतं. मी टाळी वाजवली.

मग त्याने व्होल्टेजचा आलेख दाखवला. सुंदर, जवळपास सपाट रेघ. आडव्या, तासांच्या अक्षावरचा पहिला आकडा २०० होता. शून्य नव्हे, २००. ते मला दिसलं. बावीस वर्षं हेच बघत आलेला माणूस मी, तरी तोंडातून शब्द फुटला नाही. खरं सांगायचं तर मला तो बेंच फार आवडला होता. आमच्या कारखान्यात इतका स्वच्छ बेंच कधी नव्हता. दोन वर्षांनी कंपनी गुंडाळताना कळलं की मधे दोनदा स्टॅक बदलला होता आणि तीन तुकडे जोडून ती एक रेघ झाली होती. आठ लाख गेले. बायको त्याला अजून 'बादलीतले आठ लाख' म्हणते.

तेव्हा आलेख बघायचा असेल तर असा बघा. समजा, दर तासाला प्रत्येक सेलचा व्होल्टेज दहा मायक्रोव्होल्टने उतरतो. ऐकायला काहीच नाही. पण ०.६५ व्होल्टचे दहा टक्के म्हणजे ६५ मिलिव्होल्ट, ते ६,५०० तासांत जातात. शहरात बस दिवसाला चौदा तास धावते, वर्षाला तीनशे दिवस धरले तरी ४,२०० तास होतात. दीड वर्षात स्टॅक थकला. बसवाला वॉरंटी मागणार, आणि ती कोण देणार? तुमच्या दहा लाखांतून दिली जाणार. ज्या कंपनीचा सगळ्यात जुना स्टॅक ८०० तासांचा आहे, तिला २०,००० तासांचा दावा करता येतो, सिद्ध करता येत नाही. वर्षात तासच ८,७६० असतात, कितीही फंड आला तरी ते वाढत नाहीत. म्हणून हा धंदा सॉफ्टवेअरसारखा पळत नाही. पी हळद आणि हो गोरी, असं इथे काही नसतं.

चाचणी कुठल्या गॅसवर आणि कुठल्या हवेत झाली, हेही विचारा. वाहनाच्या हायड्रोजनच्या आंतरराष्ट्रीय मानकात कार्बन मोनॉक्साइडला मुभा आहे दहा लाखात ०.२ भागांची. त्याहून जास्त आला की प्लॅटिनम गुदमरतं. प्रयोगशाळेत अतिशुद्ध सिलिंडर लावलेला असतो. रस्त्यावर तो नसतो, आणि ट्रॅफिकमधल्या हवेतलं गंधकही त्याच प्लॅटिनमवर जाऊन बसतं.

मग इंधनाचा खर्च. एक किलो हायड्रोजनमध्ये साधारण ३३ युनिट ऊर्जा असते, निम्मी विजेत उतरली तर साडेसोळा. समजा, हायड्रोजन चारशे रुपये किलोने दारात पडला, तर युनिटला चोवीस रुपये नुसतं इंधनच झालं. महावितरणच्या बिलाला कितीही शिव्या दिल्या तरी ते तिथवर जात नाही. डिझेल जनरेटर मात्र जातो. लिटरला तीन-साडेतीन युनिट, म्हणजे लिटर नव्वद धरला तर सव्वीस ते तीस रुपये. म्हणून फ्युएल सेलवाला आपल्याकडे आला की त्याची नजर पहिल्यांदा जनरेटरवर पडते, आणि जनरेटर म्हटलं की मोबाइल टॉवर.

ब्रिटनच्या लफबरो विद्यापीठातून निघालेली इंटेलिजंट एनर्जी याच वाटेने नवी मुंबईपर्यंत आली होती. २०१४ मध्ये लंडनच्या बाजारात ३४० पेन्सला शेअर विकले आणि २०१५ मध्ये टॉवर सांभाळणाऱ्या जीटीएलशी २७,४०० टॉवरांच्या विजेचा करार जाहीर केला, दहा वर्षांचा, १२० कोटी पौंडांचा. मथळे झाले. प्रत्यक्षात तो व्यवहार तडीस गेला नाही, भारतातला टॉवरचा धंदा कंपनीने सोडला, शेअर काही पेन्सवर आला. जाहीर झालेली ऑर्डर आणि बँकेत आलेला पैसा यांच्यात किती अंतर असतं, ते या एका करारात दिसतं. एमओयू, म्हणजे नुसता सामंजस्य करार, तर त्याहून हलकी चीज. निकोला या अमेरिकेतल्या हायड्रोजन ट्रकवाल्या कंपनीबद्दल वेगळं लिहीत नाही, चालतोय म्हणून दाखवलेला, उतारावरून घरंगळणारा तिचा ट्रक सगळ्यांनी पाहिलाय.

"पण मामा, ब्लूम?" भाच्याने हे विचारलंच. बरोबर आहे. त्रिचीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या के. आर. श्रीधरांची ब्लूम एनर्जी. मंगळावर ऑक्सिजन तयार करण्याच्या नासाच्या कामातून ती कल्पना निघाली, २००१ मध्ये कंपनी झाली, २०१८ मध्ये १५ डॉलरने आयपीओ आला, पुढच्याच वर्षी शेअर पाचच्या खाली गेला, आणि २०२५ मध्ये एआयच्या डेटा सेंटरना वीज हवी म्हणून शंभराच्या वर चढला. यात दोन गोष्टी बघ म्हटलं. आयपीओपर्यंत सतरा वर्षं गेली, आणि २००१ च्या कुठल्याही कागदावर एआयची डेटा सेंटर असणं शक्य नव्हतं. दुसरं म्हणजे ही यंत्रं मुख्यतः नैसर्गिक वायूवर चालतात. हायड्रोजनच्या नावावर विकल्या जाणाऱ्या सगळ्यात मोठ्या यशात हायड्रोजनची टाकीच नाही.

प्लगनेही एक जागा नीट हेरली होती, ती म्हणजे गोदामातले फोर्कलिफ्ट. बंद छपराखाली धूर चालत नाही, बॅटरी बदलण्यात वेळ जातो, गाड्या दिवसभर तिथेच असतात, त्यामुळे एकच पंप पुरतो. ग्राहक अचूक निवडला तरी पैसा कसा संपतो, त्याचंही उदाहरण तीच कंपनी.

इतकं वाचून वाटेल की मी या विषयावर खार खाऊन आहे. तसं नाही. पुण्यात बसून तसं म्हणताही येणार नाही. एनसीएल ही सरकारी प्रयोगशाळा आहे, कराईकुडीच्या सेक्री या संशोधन संस्थेबरोबर इथल्या थरमॅक्सने २०१९ मध्ये पाच किलोवॉटची उच्च तापमानाची फ्युएल सेल प्रणाली दाखवली, २०२२ मध्ये केपीआयटी कंपनीची फ्युएल सेल बस इथेच उभी राहिली. कोचीन शिपयार्डची वाराणसीसाठीची बोट निघाली, तिच्यातही केपीआयटीचं काम आहे. या लोकांना स्टॅक बांधता येतो, यात मला तिळमात्र शंका नाही. पण ज्यांच्या मागे मोठा धंदा आहे त्यांना दहा वर्षं थांबणं परवडतं. छोट्या कंपनीला अठरा महिन्यांचा पगार बँकेत असतो.

माझे दुप्पट झाले ते कुठे, हेही सांगतो. ती कंपनी स्टॅक बनवतच नव्हती. ती टेस्ट बेंच आणि ह्युमिडिफायर बनवायची आणि स्टॅकवाल्या पाच-सहा जणांना विकायची. लग्न कुणाचंही मोडो, मांडववाल्याचं बिल द्यावं लागतं.

भाच्याला मी हो किंवा नाही म्हटलं नाही. म्हटलं, डेक ठेव बाजूला, त्यांच्याकडून एकच फाइल माग: सगळ्यात जुन्या स्टॅकची कच्ची नोंद, तास शून्यापासून, काहीही न गाळता. देणार नसतील तर तुझे दहा लाख वाचले. दिली तर मला पाठव.

त्यांनी दिली, आणि हे मला मनापासून आवडलं. काल रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. "मामा, १,१४० तासांची आहे, शून्यापासून. फक्त मधे तीन ठिकाणी आकडेच नाहीत. एकदा नऊ दिवस. ही सुट्टी कसली?"

"गणपती असतील," मी म्हटलं. मग तारखा बघितल्या. फेब्रुवारी होता.