पाचव्या दिवसाचा डबा

मयत झालेल्या घरात पहिले दोन-तीन दिवस चूल पेटत नाही, पण उपाशीही कुणी राहत नाही. भावकी आणि शेजारपाजार पिठलं-भाकरीचे एवढे डबे आणतात की उरलेल्या भाकरी गुरांपुढे जातात. राख सावडली की पाहुणे पांगतात आणि खरी ओढाताण सुरू होते. आपला डबा पाचव्या-सहाव्या दिवसासाठी राखावा. गल्लीतल्या एकीनं कोण कधी देणार ते वहीत लिहून ठेवलं, तर एकाच रात्री तीन घरची पिठली येत नाहीत.

"काही लागलं तर सांगा" म्हटलं की "काही नको" हेच उत्तर येतं. "साडेसातला चौघांचं आणते, लसूण चालतो का?" असं विचारावं. सुतकात काही घरांत फोडणी देत नाहीत, तळण करत नाहीत. घरातल्या मोठ्या बाईला विचारूनच ठरवावं.

तेलाला हरकत नसेल तर धपाट्यांसारखं दुसरं काही नाही. गार खाता येतात, कोरड्यास, म्हणजे कालवण, नसलं तरी भागतं. चौघांच्या बारा धपाट्यांना ज्वारीचं पीठ ३ वाट्या, बेसन आणि कणीक पाऊण-पाऊण वाटी. लसूण, हिरवी मिरची, जिरं वाटून घालावं. वर तीळ, ओवा, हळद, मीठ. ज्वारीला चिकटपणा नसतो, म्हणून कणीक लागते आणि पीठ कोमट पाण्यानं सैलसर भिजवावं लागतं. ओल्या फडक्यावर थापायचं, मधे बोटानं भोक पाडायचं, फडक्यासकट तव्यावर उलटं टाकून फडकं अलगद सोडवायचं. फडकं वाळलं की धपाटं त्याला धरून बसतं आणि तुटतं. दर वेळी पाण्याचा हात फिरवावा.

बिघडतं ते बहुतेक डबा भरताना. तव्यावरून थेट डब्यात रचले की वाफेचं पाणी होतं, खालचे चिकट होतात आणि सकाळपर्यंत आंबूस वास येतो. दहा मिनिटं सुती कापडावर सुटे पसरून मग त्याच कापडात गुंडाळावेत. कांदा घातलेले त्याच रात्री संपवायचे. दुसऱ्या दिवशीसाठी बिनकांद्याचे. दही वेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि तेही नुकतंच लागलेलं. एप्रिल-मेच्या उन्हात ते लवकर आंबट होतं. खिचडी न्यायची तर नेहमीपेक्षा सैल ठेवा, पोचेपर्यंत तिचा गोळा होतो.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात पेशंटजवळ बसलेल्या माणसाला ताट-वाटी मिळत नाही. त्याचा डबा एका हातानं खाता येईल असा हवा: धपाटे, शेंगदाण्याची चटणी, केळं आणि पाण्याची बाटली. पेशंटचं जेवण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नये. डायलिसिसवाल्याला केळं आणि शहाळंसुद्धा बाधू शकतं.

आणि भांडी. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात चार डबे घासायचे म्हणजे एक घागर गेली. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, त्यामुळे त्या घरातली बाई साखर-दाणे शोधत बसते. दुसऱ्या दिवशी आपणच जाऊन खरकटा डबा उचलून आणायचा. तळाला नेलपॉलिशनं नाव घातलेलं असलं की कुणाचा कुठला हे विचारावं लागत नाही.